हँडेलचा माणूस

माझी पुतणी पियानो शिकते. तिच्या बाईंनी तिला अठराव्या शतकातल्या हँडेल या संगीतकाराची डी मायनरमधली साराबांद, म्हणजे संथ नाचाच्या लयीतली एक रचना, वाजवायला दिली होती. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली पानं, त्यांची झेरॉक्स, बहुतेक झेरॉक्सचीही झेरॉक्स. कडा काळवंडलेल्या, काही स्वरांचे ठिपके पसरून शेजारच्या रेघेला चिकटलेले. पानाच्या तळाशी मधोमध बारीक अक्षरांत ‘एच. डब्ल्यू. २’ असं छापलेलं होतं. “आत्या, हे कुणाचं नाव आहे गं?” तिनं विचारलं. म्हटलं, नाव नाही ते, हँडेलच्या समग्र संगीताचा दुसरा खंड अशी खूण आहे. ज्यानं हे सगळं छापून घेतलं त्याचं नाव फ्रीडरिश क्रिझांडर. मग मी जरा बोलतच सुटले. हा माणूस १८५८ पासून १९०१ मध्ये मरेपर्यंत एकाच संगीतकाराच्या मागे होता, शंभराच्या आसपास खंड त्यानं काढले, त्यासाठी घरात छापखाना घातला, वगैरे. दादा शेजारी जेवत होता. हातातला पोळीचा तुकडा तसाच ठेवून म्हणाला, “म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्याचंच लिहीत बसला? स्वतःचं काय केलं त्यानं?”

दादाच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच कुतूहल होतं, आणि एका अनोळखी माणसाबद्दल थोडी हळहळही. विषय तिथेच संपला, पुतणी पुन्हा वाजवायला बसली, मी भांडी आवरायला उठले. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

माझा मामा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, होता. लहानपणी कधी त्याचा डबा घेऊन गेले की दारातच शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. खिळे रॉकेलने पुसत असत. आत अर्धवट अंधार, आणि उताराच्या लाकडी खणांपुढे मामा उभा. डोळे हस्तलिखितावर आणि हात आपोआप खणांकडे जाणारे. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. मामा ती आपण सुलटी वाचतो तितक्या वेगाने वाचायचा. कादंबऱ्या, पंचांगं, लग्नपत्रिका, एकदा तर संस्कृत व्याकरणाचं जाडजूड पुस्तक, किती मजकूर त्याच्या बोटांतून गेला असेल कुणास ठाऊक. पुस्तकाच्या मागच्या पानावर मुद्रक म्हणून मालकाचं नाव असे. मामाचं नाव कुठल्याच पुस्तकावर नाही. त्या व्याकरणाच्या पुस्तकात त्यानं लेखकाच्या दोन चुका पकडल्या होत्या हे मात्र तो मरेपर्यंत सांगायचा. सांगताना त्याचा चेहरा काय खुलायचा!

क्रिझांडरच्या घरातलं काम याहून जिकिरीचं. त्या काळी संगीताची पानं धातूच्या मऊ पत्र्यावर कोरत. आधी पाच दात्यांच्या हत्याराने पाच रेघा एकदम ओढायच्या. मग स्वरांची टिंबं, शार्प-फ्लॅटच्या खुणा, शब्दांची अक्षरं पोलादी ठशांवर हातोडी मारून पत्र्यात उमटवायची. सगळं आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे. एक स्वर चुकला तर पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, खळगा वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि पुन्हा ठसा मारायचा. ऑपेराच्या एका पानावर गायक, व्हायोलिनं, ओबो, खर्जातली वाद्यं असे थरावर थर असतात, आणि हँडेलचे ऑपेरे चाळीसहून जास्त आहेत. हॅम्बर्गजवळच्या बेर्गेडोर्फमध्ये क्रिझांडरच्या आवारात हे काम वर्षानुवर्षं चाललं होतं. ती हातोडीची ठकठक घरातल्या माणसांना दिवसभर ऐकू येत असणार.

क्रिझांडर हा जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधल्या एका गिरणीवाल्याचा मुलगा. जन्म १८२६ चा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनहून एका चाहत्याने व्हिएन्नात आजारी पडलेल्या बेटहोव्हनला सॅम्युएल अर्नोल्डच्या आवृत्तीतले हँडेलचे खंड भेट पाठवले होते. ती आवृत्ती चुकांनी भरलेली आणि अर्धवट राहिलेली, तरी शेवटच्या आजारात बेटहोव्हन ती चाळत असे. नंतर लंडनमध्येच एका मंडळाने नवी आवृत्ती काढायला घेतली, वर्गणीदार मिळेनात, तेही बारगळलं. अशा रिकाम्या जागेत क्रिझांडर आला. आधी मास्तरकी, मग घरोघरच्या शिकवण्या, मग रोस्टॉकची डॉक्टरेट. विद्यापीठातली खुर्ची त्याला आयुष्यात मिळाली नाही. १८५६ मध्ये इतिहासकार गेर्विनुसबरोबर त्याने जर्मन हँडेल सोसायटी उभी केली आणि दोन वर्षांनी ‘सुझॅना’ या ऑरेटोरिओने, म्हणजे अभिनयाशिवाय नुसत्या गायल्या जाणाऱ्या, बहुधा धार्मिक कथेवरच्या संगीतनाट्याने, पहिला खंड बाहेर पडला. नाव सोसायटीचं. शेजारी हँडेलच्याच काळातल्या बाख या संगीतकाराच्या समग्र आवृत्तीमागे खरोखरच माणसं होती, संपादकांची फळी होती. हँडेलच्या सोसायटीतून माणसं गळत गेली, गेर्विनुस १८७१ मध्ये वारला, आणि सोसायटी म्हणजे क्रिझांडर एवढंच उरलं.

पैशाचं काय? हॅनोव्हर या जर्मन राज्याचा आंधळा राजा पाचवा जॉर्ज वर्षाला हजार थालर देत असे. हँडेलची हस्तलिखितं इंग्लंडच्या ज्या तिसऱ्या जॉर्जकडे गेली, त्याचा हा नातू. तेव्हा या देण्यात घराण्याचा धागाही होता. १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळलं, राजा ऑस्ट्रियात परागंदा झाला आणि हजार थालर थांबले. पुढे प्रशियानेच ते अनुदान पुन्हा सुरू केलं, पण मधली वर्षं कशी काढायची? त्याच सुमाराला क्रिझांडर बेर्गेडोर्फला राहायला गेला, आणि तिथे त्यानं बाग केली. हौसेची नाही. फळं-भाजी पिकवून विकायची आणि त्यातून पत्रे, कागद, कारागिरांची मजुरी भागवायची.

ही बाग माझ्या मनातून हलत नाही. सकाळी वाफ्यातली माती नखांत गेलेली, आणि दुपारी त्याच हातांनी ‘ज्यूलियस सीझर’ या ऑपेरातल्या एखाद्या आरियाचे, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्याचे, तीन पाठ शेजारी शेजारी ठेवून कुठला स्वर खरा हे ठरवायचं. संशोधकाच्या आयुष्याबद्दल आपण बोलतो तेव्हा ग्रंथालयातला दिवा, चष्मा, धूळ असलं काहीतरी बोलतो. भाजीचा भाव बोलत नाही. यंदा पीक कमी आलं म्हणून एखादा खंड लांबणीवर पडत असेल, याची कल्पना केली की मला त्याच्या बायकोमुलांचीही आठवण होते. त्यांना हे सगळं कितपत मान्य होतं? एक मुलगा, रुडोल्फ, डॉक्टर झाला आणि पुढे जवळच राहणाऱ्या म्हाताऱ्या बिस्मार्कचा खाजगी सचिव म्हणून काम करत होता. म्हणजे मुलं मार्गाला लागली. पण छापखान्याच्या ठकठकीत वाढणं, बापाचं सगळं लक्ष शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसावर असताना वाढणं, हे सोपं नसणार. मला हे डाचतं, आणि तरी त्यानं बाग केली याचा मला अभिमान वाटतो. दोन्ही एकदम वाटतं.

आता शेल्शेरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय क्रिझांडरचं काम पांगळं राहिलं असतं. व्हिक्टोर शेल्शेर म्हणजे फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८४८ च्या हुकुमामागचा माणूस. १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा त्याला देश सोडावा लागला आणि तो लंडनला येऊन राहिला. परक्या गावात, इंग्रजीत चाचपडत, या माणसाने हँडेलचा नाद धरला. जुनी छापील पुस्तकं, गीतांच्या पुस्तिका, हस्तलिखितं जमवत सुटला आणि १८५७ मध्ये हँडेलचं चरित्र छापलं. त्याच शोधात ब्रिस्टलच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराकडे त्याला हँडेलच्या स्वतःच्या वापरातल्या प्रतींचा गठ्ठा मिळाला. हँडेलचा लेखनिक जॉन क्रिस्टोफर स्मिथ याने मूळ हस्तलिखितांवरून उतरवलेल्या या प्रती समोर ठेवून हँडेल प्रयोग चालवत असे. कुठला आरिया आज कोण गाणार त्या गायकाचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं, कुठे पट्टी बदललेली, कुठे चिठ्ठ्या डकवून जुना भाग झाकलेला. ‘मूळ कृती’ म्हणून जे काही असतं ते हातात आलेल्या गायकांप्रमाणे दरसाल कसं बदलत गेलं, त्याचा हा जिवंत पुरावा.

क्रिझांडरच्या खटपटीने या प्रती १८६८ मध्ये हॅम्बर्गला आल्या आणि आजही तिथल्याच ग्रंथालयात आहेत. हॅम्बर्ग म्हणजे जिथल्या ऑपेरात अठराव्या वर्षी हँडेल व्हायोलिन वाजवायला लागला आणि १७०५ मध्ये ‘अल्मिरा’ हा पहिला ऑपेरा केला ते गाव. मूळ हस्तलिखितं मात्र तेव्हा लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात. म्हणजे एक डोळा लंडनकडे, एक हॅम्बर्गकडे. वारंवार लंडनला जायचं, राजवाड्यात बसून ताडून बघायचं, परत येऊन पत्र्यावर चढवायचं. गुलामांच्या मुक्तीसाठी लढलेला एक निर्वासित आणि भाजी विकणारा एक संपादक, या दोघांच्या हातांतून तो गठ्ठा गेला नसता तर कुठल्या रद्दीत गेला असता कोण जाणे. पुस्तकांच्या दुकानांतून किती गठ्ठे रद्दीत जातात ते आप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच्या कामातला जो भाग मला सगळ्यात धाडसाचा वाटतो तो ऑपेऱ्यांचा. ऑरेटोरिओ तेव्हाही गायले जात होते. इंग्लंडात हजारो माणसं एकत्र येऊन ‘मेसाया’ म्हणत. पण इटालियन ऑपेरे? ते एकोणिसाव्या शतकात जवळजवळ कुणी रंगमंचावर आणत नव्हतं. तालमीला एकही गायक मागणार नाही, नाटकगृहवाला विचारणार नाही, हे ठाऊक असताना क्रिझांडरने चाळीसच्या आसपास खंड ऑपेऱ्यांना दिले. वर्गणीदारांना ते नको असणार, पण समग्र म्हणजे समग्र. माझ्या मते त्याच्या निष्ठेची खरी कसोटी इथे लागली. आवडीचं, खपाचं, गाजलेलं तेवढं छापणं सोपं होतं.

आणि आणखी एक. हँडेलने इतरांचं संगीत उचलून स्वतःच्या रचनांत वापरलं, हे तेव्हाही लोकांना माहीत होतं आणि भक्तांना ते अवघड जागेचं दुखणं होतं. क्रिझांडर भक्तच. तरीही त्याने मुख्य आवृत्तीला सहा पुरवण्या जोडल्या आणि त्यांत स्ट्राडेला, उरिओ, एर्बा, क्लारी, मुफाट, काइझर यांच्या, ज्यांतून हँडेलने उचललं त्या मूळ रचना छापल्या. आपल्या दैवताविरुद्धचा पुरावा स्वतःच्या खर्चाने कोरून काढला. घ्या, ताडून बघा. संशोधक आणि आरती करणारा यांतला फरक मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

त्याचे दोषही मोठे होते. कुठल्या पाठातून काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं याचा हिशेब तो वाचकाला नीट देत नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रयोगांतले भाग कधी कधी अशा रीतीने एकत्र येतात की हँडेलच्या हयातीत तसा प्रयोग कधी झालाच नव्हता. म्हातारपणी त्याने ऑरेटोरिओच्या प्रयोगांसाठी आवृत्त्या केल्या त्यांत भरपूर कापाकापी केली. आयुष्यभर एकेक स्वर जपणाऱ्या माणसाने शेवटी कात्री का हातात घ्यावी, हे मला उमगत नाही. १९५५ पासून हँडेलच्या जन्मगावाच्या, हालेच्या नावाने नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यामागे संस्था आहे, पगारी संपादक आहेत, प्रत्येक निर्णयाची टीप आहे. तिच्यापुढे क्रिझांडरचा पाठ जुना झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

एक गोष्ट मला अचानक भेटली म्हणून सांगते. १८८५ मध्ये त्याने श्पिटा आणि आडलर या संगीताच्या अभ्यासकांबरोबर संगीतशास्त्राचं एक त्रैमासिक सुरू केलं. संगीताचा अभ्यास ही स्वतंत्र विद्या आहे असा आडलरचा प्रसिद्ध निबंध त्याच्या पहिल्याच वर्षीचा. त्याला लागून क्रिझांडरचा लेख आहे, आणि तो हँडेलवर नाही. तो आहे प्राचीन भारतातल्या यज्ञसंगीतावर. बेर्गेडोर्फच्या बागेत बसून या माणसाला आपल्या ऋत्विजांच्या गाण्याबद्दल कुतूहल वाटत होतं, हे वाचल्यापासून तो मला जास्त जवळचा झाला. एका संगीतकाराला वाहून घेतलेल्या माणसाचे कान बंद झालेले नव्हते.

दादाच्या प्रश्नाशी मी पुन्हा पुन्हा येते ती ‘जेफ्था’मुळे. हँडेलच्या या शेवटच्या ऑरेटोरिओच्या हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती क्रिझांडरने १८८५ मध्ये काढली. स्वच्छ कोरलेली, एकसारखी टिंबं हेच ज्याचं आयुष्य, त्याने इथे मुद्दाम ते सगळं बाजूला ठेवून हँडेलचा हात जसाच्या तसा लोकांपुढे ठेवला. ‘हे प्रभो, किती अंधारे तुझे निर्णय’ अशा अर्थाचं समूहगान चालू आहे आणि मध्येच हँडेल थांबतो. जर्मनमध्ये नोंद करतो की १३ फेब्रुवारी १७५१ ला इथवर आलो, डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्याने पुढे जाता आलं नाही. दहा दिवसांनी, सहासष्टाव्या वाढदिवशी, पुन्हा लिहायला घेतो, थोडं बरं आहे म्हणतो. शाईचे फराटे, खाली घसरणाऱ्या ओळी, टिंबापासून सुटलेल्या दांड्या. कितीही उत्तम कोरलं असतं तरी हे पत्र्यावर उतरलं नसतं, आणि हे कोरणाऱ्यालाच कळलं. मला तर यात क्रिझांडरचं ‘स्वतःचं’ दिसतं. कुठे आपण बोलायचं आणि कुठे बाजूला व्हायचं, हे कळणं ही काय लहान गोष्ट आहे? मामाला व्याकरणकाराच्या दोन चुका दिसल्या, कारण त्याने ती ओळ लेखकाहूनही सावकाश वाचली होती. क्रिझांडरने हँडेलचं सगळंच संगीत असं सावकाश वाचलं. तसं वाचलेला त्याच्याआधी एकही माणूस नव्हता.

१९२० च्या जूनमध्ये ग्योटिंगनला ऑस्कर हागेन नावाच्या कला-इतिहासाच्या अभ्यासकाने ‘रोडेलिंडा’ रंगमंचावर आणला. दीडशेहून जास्त वर्षांनी हँडेलचा इटालियन ऑपेरा पुन्हा उभा राहिला, आणि तिथून जी लाट आली ती आजवर ओसरलेली नाही. हागेनपुढे जे छापील संगीत होतं ते क्रिझांडरचं. एकोणीस वर्षं आधी तो गेला होता. महायुद्धात हरलेल्या, उपाशी जर्मनीत कुणाला अचानक ‘रोडेलिंडा’ हवासा वाटला, तेव्हा तो कपाटातून काढण्याइतका जवळ होता, कारण कुणालाच नको असताना एकाने तो पत्र्यावर ठोकून ठेवला होता.

तरीही माझी एक तक्रार राहते. १८५८ पासून तो हँडेलचं चरित्रही लिहीत होता. दोन खंड झाले, १८६७ मध्ये तिसऱ्याचा अर्धा भाग आला आणि चरित्र १७४० सालापाशी थांबलं. १७४१ च्या उन्हाळ्याअखेर हँडेलने तीन-चार आठवड्यांत ‘मेसाया’ लिहिला. म्हणजे चरित्र त्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. आवृत्तीतही ‘मेसाया’चा खंड त्याने मागे ठेवला. हस्तलिखिताची प्रतिकृती काढली, पण त्याचे इतके पाठ, इतक्या गायकांसाठी बदललेल्या इतक्या जागा, की कोरायचं राहत गेलं. तो खंड १९०२ मध्ये, तो गेल्यावर, माक्स झाइफर्ट या संगीत-संशोधकाने पुरा केला. झाइफर्टकडे कागद होते, प्रती होत्या. पण ब्रिस्टलच्या त्या गठ्ठ्यातल्या पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेशी तीस वर्षं राहून क्रिझांडरला हँडेलच्या त्या पुढच्या वर्षांबद्दल जे कळलं असेल, ते चरित्रात यायला हवं होतं. अनुदान वेळेवर मिळालं असतं, भाजी विकावी लागली नसती, एखादं विद्यापीठ जागं असतं, तर कदाचित आलं असतं. तिसऱ्या खंडाचा तो उरलेला अर्धा भाग मला वाचायला हवा होता, आणि तो नाही याचं मला अजून वाईट वाटतं.